याले घरी जेवू कोण घालते?

सरकारी दवाखान्यात मार खाणं हे नोकरीच्या अटींमध्ये कुठं लिहिलेलं नसतं, पण खावा मात्र लागतो. डॉक्टरनं खावा, सिस्टरनं खावा, फरशी पुसणाऱ्या बाईनंही मधे सापडली तर खावा. मग वरचे साहेब येतात, निषेध होतो, काळ्या फिती लागतात, आणि फिती उतरल्या की पुन्हा ज्याच्या त्याच्या नशिबावर हवाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मात्र बरीच वर्षं कोणावर हात उगारला गेला नव्हता. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं व्हायचंय? हे ज्या बाईमुळं घडत होतं तिचं नाव सांगतो. शकीला सिस्टर.

शकीला नांदुऱ्याची. वडील पिंजारी, गाद्या-रजया भरणारे, त्यामुळं लहानपणी हिच्या वेणीतून कापसाची रुई वेचायला आईला वेगळा वेळ काढावा लागायचा. नवरा जहांगीर, त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. बीटी कपाशी आली तेव्हा जहांगीरनं डोक्याला हात लावला होता. बियाणंवाले गावोगाव सांगत फिरत होते की या कपाशीवर अळी बसली की आपोआप मरते, फवारायचं कामच नाही. काम नाही कसं! आधी तुडतुडे आले, मग पांढरी माशी आली, आणि काही वर्षांनी बोंडअळीही गुलाबी होऊन माहेरी आल्यासारखी परत आली. जहांगीरच्या दुकानापुढं पंपांची रांग लागली. शकीला त्याला म्हणायची, "तुम्ही पंप चालू करून देता, आणि माणूस बंद पडला की आम्ही बसायचं त्याला चालू करत." तो हसायचा आणि वायसर बदलत राहायचा.

त्या वर्षांत पावसाळा सरत आला, कपाशी डोक्याच्या वर गेली, की दवाखान्याच्या तातडीच्या विभागात फवारणीची माणसं येऊ लागायची. कोणाच्या नाकातोंडातून फेस, कोणाच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, कोणाच्या छातीत नुसती घरघर. त्यावर औषध ॲट्रोपिन. शिरेतून देत राहायचं, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. औषध गुणाचं, पण त्याची एक खोड आहे. गुमान पडलेला माणूस ते पोटभर मिळालं की बरळू लागतो. अंगावरचे कपडे ओढतो, हवेतल्या माश्या पकडतो, सख्ख्या बापाला "तू कोण बे?" म्हणतो. नातेवाईक काय बघतात? आणला तेव्हा शांत होता, यांनी सुई दिली आणि पोरगा वेडा झाला. त्यात त्याचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले दिसले की संपलंच. आजूबाजूच्या दवाखान्यांमधल्या निम्म्या हाणामाऱ्या या एका औषधापायी व्हायच्या.

शकीलानं हे ओळखलं होतं, आणि आपली एक रीत पाडली होती. पेशंट आत गेला की ती बाहेर यायची. दारात उभं राहून हुकूम सोडायला नव्हे, थेट माणसांच्या घोळक्यात. आणि पहिला प्रश्न विचारायची, "याले घरी जेवू कोण घालते?"

लोक गोंधळायचे. नाव, गाव, जात, आधार कार्ड, सगळं विचारलं जाईल असं वाटलेलं असायचं. हे काय भलतंच? पण उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि दहा बोटं एकाच माणसाकडं वळायची. कधी आई, कधी बायको, एकदा तर एक म्हातारा आजा निघाला. त्या माणसाला शकीला आत घ्यायची. उशाशी बसवायची, पेशंटचा हात त्याच्या हातात द्यायची. म्हणायची, "आता हा बडबड करन. कपडे फाडन. तुम्हाले ओळखणार नाही. भेऊ नका, औषध लागू पडलं असं समजा. हात सोडू नका फक्त." पट्टीनं बांधायची वेळ क्वचितच यायची. ओळखीच्या हातात माणूस, बेशुद्धीतसुद्धा, थोडा निवतो.

बाहेर उरलेल्यांनाही ती वाऱ्यावर सोडत नसे. थोड्या थोड्या वेळानं जाऊन सांगायची, आणि खरं तेच सांगायची. "अजून धोका आहे." "आता श्वास बरा आहे." "मले भरवसा वाटून नाही राह्यला, मनाची तयारी ठेवा." गर्दीत एखादा पांढऱ्या कपड्यांतला, मोबाईल कानाला लावून आमदाराचं नाव घेणारा असायचाच. त्याला ती खास काम द्यायची. "भाऊ, तुमच्यासारख्या वजनदार माणसाशिवाय होणार नाही. वावरात जाऊन औषधाचा रिकामा डबा घेऊन या, डॉक्टरले नाव पाहिजे." पुढारी मोटारसायकलला किक मारून धुराळा उडवत जायचा, डबा घेऊन यायचा, आणि मग दिवसभर आपणच पेशंट वाचवला अशा थाटात फिरायचा. दीपमाला नावाची नवी सिस्टर हे सगळं बघून तोंडाला पदर लावून हसायची. शकीला तिला म्हणायची, "हसू नको, शीक. उद्या तुलेच करायचं आहे."

दीपमाला शिकत होती. पोरगी धीट होती, हाताला हलकी होती, आणि शकीलाताईंचा शब्द तिला देवाचा होता. "ताई असल्या म्हणजे मले कशाचं भेव नाही," असं ती घरी सांगायची. तिच्या आईनंच हे शकीलाला सांगितलं होतं, आणि शकीलाच्या ते मनात बसलं होतं. आपल्या भरवशावर कोणी तरी पोरगी कामाला येते, हे ओझं तिला आवडायचं.

मग शेखरला आणलं.

धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या गावातला, रोजानं फवारणी करणारा, अंगापिंडानं भरलेला जवान पोरगा. वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून सकाळपासून फवारत होता, दुपारी शेताच्या धुऱ्यावर कोसळला. मालवाहू टेम्पोत घालून आणला, मागं अर्धं गाव. वडील महादेवराव, काका रंगराव, आणि टेम्पोत पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आई, अन्नपूर्णाबाई. शकीलानं प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिसत होतं, तरी तिनं विचारला. महादेवराव म्हणाले, "मायच्याच हातचं जेवते, बाई. एवढा घोडा झाला तरी."

अन्नपूर्णाबाई आत आल्या. पोराचं पोट धुवून झालं होतं, ॲट्रोपिन सुरू होतं. ड्यूटीवर साताऱ्याकडचा एक नवा डॉक्टर होता, पोरसवदा, पण काम चोख करणारा. हळूहळू शेखरची छाती कोरडी होऊ लागली, घरघर थांबली, बाहुली मोठी झाली. मग बरळणं सुरू झालं. अन्नपूर्णाबाईंनी त्याचा हात घट्ट धरला होता. शकीला बाहेर जाऊन सांगून आली, "बडबड करून राह्यला म्हणजे आपलं औषध चाललं. अजून धोका आहे, पण सकाळ दिसन असं वाटते." रंगरावांनी हात जोडले.

या औषधानं तोंडाला कोरड पडते. साधी नव्हे, जीभ टाळूला चिकटते. पेशंट सारखा पाणी मागतो, आणि ते द्यायचं नसतं, कारण अर्धवट शुद्धीत गिळायचं भान नसतं, पाणी अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरतं. हे शकीला दर वेळी नातेवाईकाला उशाशी बसून, समजावून सांगायची. ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे तेही दाखवायची. त्या दिवशी नेमके रस्त्यावरच्या अपघातातले लोक आले. एकाच्या पायातून रक्ताची धार लागली होती. शकीला उठता उठता म्हणाली, "मावशी, पाणी द्यायचं नाही बरं का," आणि पडद्यापलीकडं गेली. का द्यायचं नाही, ते सांगायचं राहिलं.

पडद्याच्या अलीकडं शेखर म्हणत होता, "माय, पाणी. माय, पाणी दे वं." जन्मभर ज्या हातानं त्याला भरवलं, तोच हात शकीलानं निवडून त्याच्या उशाशी आणून ठेवला होता. त्या हातानं नाही कसं म्हणावं?

ठसका शकीलाच्या कानावर आला तशी ती धावली. शेखरचा सदरा छातीवर भिजलेला. ओठ निळे पडत चाललेले. अन्नपूर्णाबाईंच्या हातात प्लास्टिकची बाटली, आणि दुसऱ्या हातानं त्या पदरानं पोराची हनुवटी पुसत होत्या. म्हणाल्या, "थोडकंसंच पाजलं बाई. लय तहान लागली होती त्याले." शकीलानं बाटली काढून घेतली, पलंगाखाली सारली, डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरनं नळी घातली, निघालेलं पाणी त्याला छातीतल्या फेसाचंच वाटलं, ओढता येईल तेवढं ओढून काढलं, छाती दाबली, घामानं निथळला. शेखर गेला. तो तसाही गेला असता का? फवारणीच्या पेशंटचा काही नेम नसतो, दोन दिवस बरा दिसून तिसऱ्या दिवशी जातो. पण शकीलानं असे कितीतरी हाताखालून घातले होते, आणि हा वाचणाऱ्यांतला होता हे तिला कळत होतं.

बाहेर जाऊन सांगणं हे शकीलाचं काम. पण अन्नपूर्णाबाई तिच्या खांद्यावर कोसळल्या होत्या, तिला हलता येईना. तो साताऱ्याचा पोरगा बिचारा आपणच गेला. दारात उभा राहून म्हणाला, "आम्ही शर्थीचे प्रयत्न केले, परंतु पेशंट दगावला आहे." अशी वाक्यं पेपरात बरी. आत्ताच सकाळ दिसेल म्हणून सांगितलेल्या माणसांना ती कशी ऐकू येणार?

"आत्ता तं बोलून राह्यला होता!" रंगराव ओरडले. "सुई देल्ली अन् मारला! मारला यायनं माह्या पुतण्याले!"

लोंढा आत शिरला. काचा फुटल्या, औषधाचं कपाट आडवं झालं. कोणी तरी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून डॉक्टरवर धरला, आणि मधे दीपमाला उभी राहिली. दोन्ही हात पसरून. ती म्हणत होती, "ऐका तं भाऊ, ऐका तं!" तो स्टँड तिच्या कानशिलावर बसला.

शकीलानं तो स्टँड वर जातानाच पाहिला होता. एक वाक्य ओरडलं असतं तरी पुरलं असतं. "सुईनं नाही, मायनं पाणी पाजलं म्हणून गेला." गर्दी जागच्या जागी थिजली असती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण ती माय तिच्या खांद्यावर होती, तिची हुंदक्यांनी हलणारी पाठ शकीलाच्या तळहाताखाली होती. हे वाक्य ऐकून ही बाई घरी कशी जाईल, चुलीपुढं कशी बसेल, पुन्हा कोणाला पाण्याचा तांब्या कशी देईल? शकीलानं तोंड मिटलं. दीपमाला भिंतीला धरून खाली बसत होती आणि तिच्या कानातून रक्त येत होतं.

चौकशी झाली. पोलीस झाले, जबाब झाले. साहेबांनी विचारलं, "नातेवाईक आत कसे होते?"

"मी घेतलं होतं."

"कोणाच्या परवानगीनं?"

"माझ्याच."

"त्या बाईनं पेशंटला काही खायला-प्यायला दिलं का?"

"नाही," शकीला म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं पटकन बोलून मोकळी झाली.

शवविच्छेदनात विष निघालं. ते निघणारच होतं. पण गावात जी गोष्ट रुजली ती सुईचीच. साताऱ्याच्या डॉक्टरनं दवाखाना सोडून जाण्याआधी शकीलाला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. माझा डोस जास्त झाला होता का?" ती म्हणाली, "नाही डॉक्टर. तुमचा डोस बरोबर होता." त्यानं मान हलवली, पण विश्वास बसला नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती शंका घेऊनच तो गाडीत बसला, आणि पुन्हा या भागात आला नाही.

दीपमालाचा डावा कान गेला. बरी होऊन परत आली तेव्हा ती कोणी बोललं की उजवा कान पुढं करायची. तिनं एकदाच विचारलं, "ताई, आपलं कुठं चुकलं? तुम्ही जसं शिकवलं तसंच तं सारं केलं होतं." शकीलाला वाटलं आत्ता सांगावं. पण दीपमालावरच्या हल्ल्याचा खटला चालू होता. दीपमालाला हे कळलं तर ती कोर्टात सांगणार, वकील बोलणार, पेपरात येणार, आणि गावाला कळणार. ती म्हणाली, "आपलं काही चुकलं नाही बाई. दुःखात माणूस आंधळा होते." कोणी म्हणेल, शकीलानं परक्या बाईला वाचवायला आपल्या लेकीसारख्या पोरीला उघड्यावर सोडलं. म्हणू द्या. ती स्वतःही तेच म्हणत होती, फक्त मोठ्यानं नाही.

दवाखान्याला लोखंडी जाळीचं दार बसलं, दोन शिपाई उभे राहिले, नातेवाईकांना आत सक्त मनाई झाली. दार बसल्यापासून जाळीवर मुठी आपटणं रोजचंच झालं. शकीलाची बदली खेड्यातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. तिथं गोळ्या वाटायच्या, पोरांना लसी टोचायच्या, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायचं.

पुढच्या साली कपाशी पुन्हा डोक्यावर गेली होती तेव्हा, बाजाराच्या दिवशी, म्हाताऱ्यांच्या रांगेत अन्नपूर्णाबाई दिसल्या. वाळून काडी झाल्या होत्या. शकीलाला बघून त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमचे लय उपकार हायेत माह्यावर."

"माझे कसले उपकार, मावशी?"

"तुम्ही मले आत घेतलं. लोकं सुईचं बोलतात, मले काही समजत नाही त्यातलं. मले एकच समजते. माह्या लेकरानं पाणी मांगतलं अन् म्या देल्लं. तहानला नाही गेला तो. तेवढ्यावर जगून राह्यलो मी."

शकीला त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळू लागली. तेवढं बोलून ती माय उठून गेली असती तर शकीलानं ते खोटं कबरीपर्यंत नेलं असतं. पण अन्नपूर्णाबाई पुढं बोलल्या, "आता गावात फवारणीनं कोणी पडलं की मी सगळ्यात आधी जातो. त्याच्या मायले सांगतो, दवाखान्यात नेशीन तवा नेशीन, आधी पाणी पाज. तहानलं जाऊ देऊ नोको. काल आमच्या भगवानरावच्या पोराले म्याच पाजलं."

शकीलाचा हात थांबला. "कसा आहे तो?"

"बरा हाय. उलट्या झाल्या, पण बरा हाय."

तो बरा होता, हे नशीब. पुढचा बरा राहील याची हमी कोण देणार? शकीलानं पट्टा सोडला, रांगेतल्या बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं, आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. इतकी वर्षं घोळक्यात जाऊन खरं सांगायची तिला सवय होती, पण आता शब्द जुळेनात.

"मावशी, पाणी पाजायचं नसते. अशा माणसाले गिळता येत नाही. ते छातीत जाते."

"छातीत?"

"हाव."

बाहेर कोणाचं तरी तान्हं लसीनं रडत होतं. अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं, "मंग माह्या शेखरच्या..."

शकीलानं त्यांचे हात धरले. नाही म्हणायला ती तिथं बसली नव्हती, आणि हो तिच्या तोंडून निघेना. त्यांना कळलं.

हात सोडवून घेत त्या म्हणाल्या, "तुले तवाच मालूम होतं?"

"हाव."

"अन् त्या पोरीले मारलं आमच्या लोकायनं. तवा बी मालूम होतं?"

"हाव, मावशी."

त्या रडल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढला, गोळ्या न घेताच उठल्या, आणि बाजाराच्या उलट दिशेनं चालू लागल्या. शकीला मागं गेली, हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मग दसरा गेला, आणि एका दुपारी दीपमालाचा फोन आला. फवारणीचा एक पेशंट आला होता, दार बंद होतं, बाहेर गर्दी तापली होती. आणि त्या गर्दीत एक म्हातारी येऊन बसली होती. त्या गावची नाही, पेशंटच्या नात्यातली नाही. शिपायांनी हुसकलं तरी हलत नव्हती.

"ताई, ती सगळ्यायले सांगून राह्यली, औषधानं तो बरळन, भेऊ नका, डॉक्टरवर हात टाकू नका. अन् पाणी पाजू नका म्हणते. म्या माह्या लेकराले पाजलं अन् तो गेला, म्हणते. शेखरची माय आहे ती. मी ओळखलं." दीपमाला थांबली. "लोकं गुमान बसले आहेत ताई. हे ती म्हणते ते खरं आहे?"

"हाव," शकीला म्हणाली.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हाव, बेटा."

पलीकडं बराच वेळ नुसता दवाखान्याचा आवाज येत राहिला. शकीलाला वाटलं, फोन बहिऱ्या कानाला लागला की काय, ऐकू गेलं नाही की काय.

"मी कोणाले सांगतलं नसतं," दीपमाला म्हणाली. "मले तरी सांगायचं होतं ताई." आणि तिनं फोन ठेवला.